जांभळाच्या वाटेनं चाकण

चिंचवडहून चाकणला दुचाकीवर तासाभरात पोचता येतं. मला तीन दिवस लागले. वाटेत घाट नाही, पूर नाही. गाडी एकदा पंक्चर झाली, ते काम वीस मिनिटांत झालं. बाकीचा सगळा वेळ मी स्वतः लावला.

ज्या रस्त्याने गेलो तो मुद्दाम पाहायला कुणी जात नाही. देहूरोड, तळेगाव दाभाडे, इंदोरी, खालुंब्रे, खराबवाडी. तुमच्यापैकी बरेच जण या गावांतून कंपनीच्या बसमध्ये मान टाकून, झोपेत गेले असाल. तेव्हा जे मला जागेपणी दिसलं ते सांगतो, आणि कशासाठी गेलो होतो तेही. दुसरं सांगणं जास्त अवघड आहे, म्हणून ते आधी.

चाकणच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे, माप तपासायला गेज लावायचा, शंका आली की लाल पेटीत टाकायचे. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसालाही सवय लागते. भाजीवालीचा तराजू, मेकॅनिकचं बोलणं, पाहुण्यांचं हसणं, सगळ्यात मला खोट दिसते. स्वतःला मात्र कधी गेज लावला नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. सोमवारी दुपारी सुनंदावहिनींचा फोन आला. दत्ताची बायको. दत्ता आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. परभणीकडचा, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणणारा. कँटीनमध्ये कित्येक वर्षं माझ्या समोरच्या बाकावर बसून जेवलेला.

"भाऊजी, यांच्या पायाच्या बोटाची जखम दीड महिना झाला भरंना गेली. काळं पडायलंय बोट. डॉक्टर म्हणले, साखरेचं औषध आत्ताच्या आत्ता सुरू करा, न्हाईतर पाय हातचा जाईल. पण हे ऐकंनात. म्हणतेत, अण्णांनी नुसत्या जांभळाच्या भुकटीवर साखर खाली आणली, माझी बी येईल. ते फक्त तुमचं ऐकतेत. एवढं येऊन सांगा."

"येतो," मी म्हणालो. मग बराच वेळ फोन हातातच धरून बसलो.

कारण मी नुसत्या भुकटीवर कधीच नव्हतो.

चार वर्षांपूर्वी मला साखर निघाली. त्या दिवसांत कंपनीत वयस्कर आणि आजारी माणसांची यादी होतेय अशी कुजबुज होती. खरी की खोटी, माहीत नाही. मी मात्र घाबरलो. दुपारची गोळी जेवणासोबत घ्यायची होती, म्हणजे कँटीनमध्ये, सगळ्यांदेखत. बायकोने माहेराहून, जुन्नरकडून, जांभळाच्या बियांची भुकटी आणली होती. ती घेऊन मी डबा उघडून बसायचो. चमच्याच्या तळाशी गोळी, तिच्यावर भुकटी. चमचा तोंडात उलटा करायचा आणि वर पाणी. कुणाला पत्ता नाही.

वर्षभराने मेडिकलचा रिपोर्ट चांगला आला. टेबलावर सात-आठ जण होते. एकाने विचारलं, "अण्णा, काय जादू केली राव?" मी भुकटीची बाटली वर धरली. दत्ताने विचारलं, "अन् गोळ्या?" मी म्हणालो, "सोडल्या."

एवढा एकच शब्द. वेळ मारून न्यायला बोललो असं म्हणता येईल. पण खरं सांगतो, सगळे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला आवडली.

दत्ताला नुकत्याच गोळ्या लागल्या होत्या. साखर आहे हे कळलं तर फोर्कलिफ्टवरून उठवून पॅकिंगला बसवतील ही त्याची भीती. आठवड्याभराने तो हळूच म्हणाला, "अण्णा, मी बी सोडल्या गोळ्या." मी म्हणालो, "बरं केलंस."

माझ्या कंपनीच्या गेटपासून दत्ताची खोली दीड किलोमीटरवर आहे. तरी मी मंगळवार-बुधवारची रजा टाकली आणि उलट्या दिशेला निघालो. गुरुवारी तर आमच्याकडे आठवडी सुट्टीच असते. मनाशी म्हणालो, जांभळाने नक्की काय होतं आणि काय होत नाही हे आधी नीट विचारून घेऊ, मग दत्ताशी बोलू. ती पळवाट होती, हे मला निघतानाच ठाऊक होतं.

मंगळवार, देहूरोड

घरी सांगितलं, तळेगावला एका सप्लायरकडे दोन दिवस इन्स्पेक्शन आहे. बायकोने डबा दिला. हसतच दिला. तिला काही कळलंय का, अशी शंका मला निगडीपर्यंत पुरली.

देहूरोडला लष्कराच्या लांबच लांब भिंती, वर काटेरी तारा, फोटो काढण्यास मनाई असल्याच्या पाट्या. आत झाडी अशी दाट आणि गप्प की बाहेरच्या ट्रकच्या भोंग्यांनी ओशाळावं. नाक्यावरच्या जवानाने माझ्याकडे सहज पाहिलं असेल. मला वाटलं तो बॅगेकडेच बघतोय. बॅगेत कपड्यांखाली ती भुकटीची बाटली होती. त्याने विचारलं असतं, हे काय, तर मला धड उत्तर देता आलं नसतं.

जरा पुढे मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या टपरीशेजारी एक पोक्त बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांत जांभळं मांडून बसल्या होत्या. मावळातल्या कुठल्याशा वाडीवरून पहाटेच्या एसटीने येतात. नाव हौसाबाई. मी एक जांभूळ उचललं, उन्हाकडे धरून फिरवलं, देठापाशी कीड आहे का पाहिलं, ठेवलं, दुसरं उचललं. हाताची सवय.

"ओ दादा," त्या म्हणाल्या, "तुमी भेसळवालं साहेब हाय का?"

"नाही हो. घ्यायचीत."

"मंग घ्या की! पोरगी बघाया आल्यावानी काय बघताय?"

पंक्चरवाला फिसकन हसला. मी एक द्रोण घेतला. वर त्यांनी मिठाची चिमूट टाकली. जांभळं गोड होती, मागून घसा आवळणारी. त्यांनी विचारलं, "न्याहारी केली का? उपाशीपोटी जांभूळ खाऊ नी, पोट धरतं." मी बायकोचा डबा उघडला. पोळी आणि भेंडी. अर्धी पोळी त्यांना दिली आणि त्यांना बोलतं केलं.

झाडाचं काही म्हणून त्या वाया जाऊ देत नव्हत्या. हिरड्या सुजल्या की सालीचा काढा करून गुळण्या. पोट बिघडलं की जांभळाचा शिरका, पण तो वर्षभर मुरलेला पाहिजे. कोवळी पानं चावली की तोंडाचा वास जातो. "आन् लाकूड! आमच्या हिरीच्या बुडाला जांभळाच्या फळ्या हायत्या, सासऱ्याच्या बापानं टाकलेल्या. पाण्यात राहून अजून कुजल्या न्हाईत. पाणी ग्वाड ऱ्हातं." आमच्याकडे पाण्याला फिल्टर बसवतात आणि त्याची कँडल सहा महिन्यांत बदलतात, तेही त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मग मी हळूच विचारलं, "आणि साखरेला? बियांची भुकटी?"

"घेत्यात की. आमचं मालक बी घेत्यात. बी धुवून सावलीत वाळवायची, उन्हात न्हाई. मंग कुटायची."

"त्यांची साखर गेली?"

"गेली कुठं? हाय. पर आटोक्यात हाय. सरकारी दवाखान्यातली गोळी बी घेत्यात ना."

"दोन्ही?"

"व्हय. भुकटी घेतली म्हनून गोळी टाकायची असं कोन म्हनलं तुमाला?"

मी द्रोणातल्या बिया मोजत बसलो. चाक तयार झालं होतं. त्या बाईंनी जे चारचौघांत, रस्त्याच्या कडेला, पोळी खात सांगितलं, ते मला चार वर्षांत जमलं नव्हतं. इथूनच गाडी वळवायला हवी होती. मी तळेगावच्या दिशेने निघालो.

बुधवार, तळेगाव दाभाडे

तळेगावात आदल्या संध्याकाळीच स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो होतो. हे गाव अजून गावाच्या चालीने चालतं. सकाळी तळ्याकाठी फिरणारे म्हातारे थांबून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पिंपरीत कुणी थांबला की मागचा हॉर्न देतो. इथे मला मात्र तेही खटकलं. वाटलं, एवढी चौकशी कशाला?

बाजारात एका दुकानावर चूर्णांची पाकिटं टांगलेली. जांभूळ बी, शुद्ध, असं मोठ्या अक्षरांत. मी पाकीट वासासाठी नाकाशी धरलं. घरच्या भुकटीचा रंग फिका, हिचा गडद. मला भाजलेल्या कुठल्याशा टरफलाचा वास आला. दुकानदार तिशीतला, गोड बोलणारा.

"घ्या काका, तीन महिन्यांत गोळी बंद."

"तुम्ही घेता?"

"मला शुगर कुठंय! पण चाकणचे कंपनीवाले लय नेतात. तिकडं एका कंपनीत इन्स्पेक्शनचे कुणी काका आहेत म्हणे. सगळ्या गोळ्या सोडल्या, आता घोड्यासारखे धावतात. दहा जणांनी तरी सांगितलंय मला."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"नाही, पण लोक खोटं कशाला बोलतील, भाऊ?"

मी पाकीट हुकाला परत अडकवलं. माझ्या गुडघ्यांत वात आहे, धावणं सोडाच, मी जिना कठड्याला धरून चढतो. माझा एक शब्द चाकणहून माझ्याआधी तळेगावात येऊन पोचला होता आणि वाटेत त्याला चार पाय फुटले होते.

दुपारी एका वैद्यबाईंकडे गेलो. साठीच्या, चष्मा कपाळावर, दवाखान्यात ओवा आणि तुपाचा वास. मी वर्तमानपत्रात काही लिहायचंय असं सांगून सुरुवात केली. जांभळाचे औषधी उपयोग. त्यांनी थोडा वेळ नीट सांगितलं. फळ पाचक, जास्त खाल्लं तर बद्धकोष्ठ. साल तुरट, तोंड आलं, हिरड्या ढिल्या झाल्या तर उपयोगी. बिया मधुमेहात फार पूर्वीपासून देतात, त्याही देतात. "पण कुणाला, किती, सोबत काय चालू आहे, हे बघून. गोळी चालू असताना मनाने चमचे वाढवले तर साखर एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. आणि गोळी सोडून नुसती भुकटी? तसं मी कुणालाच सांगत नाही."

मी वहीत लिहीत होतो. त्या थांबल्या.

"तुम्ही लेख लिहीत नाही आहात."

"का बरं?"

"लेख लिहिणारा घाम पुसत नाही. कुणाचं काय झालंय?"

मी म्हणालो, एका ओळखीच्यांचं. बोटाला जखम आहे.

"किती दिवस?"

"दीड महिना."

"रंग?"

"काळा पडतोय म्हणे."

"पायाला स्पर्श कळतो? दुखतं?"

"दुखत नाही म्हणतो. त्यामुळेच निवांत आहे."

त्यांनी चष्मा खाली ओढला. "दुखत नाही हेच वाईट. तुम्ही त्याला शेवटचं कधी भेटलात?"

"महिना झाला. तो कामावर येत नाही."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मग मी सांगितलं. गोळी, चमचा, सगळं. पहिल्यांदाच मोठ्याने. त्या रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. फी घ्यायला तेवढा नकार दिला आणि म्हणाल्या, "मला सांगून उपयोग नाही हो. मला काय करायचंय ते?"

बाहेर आलो तेव्हा चार वाजले होते. तळेगाव-चाकण रस्ता समोर होता. पाऊण तासाचं अंतर. मी लॉजवर गेलो, खाली खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा जास्तीचा मागितला. चव लागली. हेही लिहून ठेवतो, कारण नाहीतर मी पुढे कुणाला सांगितलं असतं की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

गुरुवार, इंदोरीवरून खराबवाडी

सकाळी आठला निघालो. इंदोरीला जुन्या गढीचे बुरूज रस्त्याकडे पाठ करून उभे आहेत. खाली इंद्रायणी, कडेला जलपर्णी आणि मध्ये एक बगळा. पुलावर थांबावंसं वाटलं, पण स्वतःचा संशय आला, म्हणून थांबलो नाही. खालुंब्र्यापासून कंटेनर लागतात. एकामागे एक, शंभर चाकं, आणि त्यांच्यामध्ये आपण. गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, मध्येच राहिलेला एखादा शेताचा तुकडा, त्याच्या बांधावर 'प्लॉट विकणे आहे'. एका बांधावर जांभळाचं मोठं झाड होतं. खालची माती जांभळी झाली होती. वेचायला कुणी नव्हतं.

खराबवाडीतल्या दत्ताच्या चाळीत दहा खोल्या, दारापुढे पाण्याचे ड्रम. तो पलंगावर, डावा पाय खुर्चीवर, पायाला धोतराची पट्टी. मला पाहून असा हसला की मला परत फिरावंसं वाटलं.

"या अण्णा! म्हणलं विसरले की काय. सुनंदे, अण्णाला भाकर वाढ. बसा, आज मुक्कामाला राहा."

वहिनींनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. माझ्याकडे आशेने पाहत त्या चुलीपाशी बसल्या. खोलीत एक वास होता, तो भरताचा नव्हता.

दत्ताने फळीवरून बाटली काढली. माझ्यासारखीच. "दोन चमचे वाढवले आता. तुमाला किती लागले होते, कमी यायला?"

पहिला घास हातात होता. मी म्हणालो, "दत्ता, मी गोळ्या कधी सोडल्याच नाहीत."

"काय?"

"रोज घेत होतो. आजही घेतो. भुकटीने माझं काही झालं की नाही, मला माहीत नाही. साखर गोळ्यांनी उतरली."

तो आधी माझ्याकडे, मग बायकोकडे बघून हसायला लागला. "हिनं फोन केला तुमाला, व्हय ना? काय गं, अण्णाला खोटं बोलायला लावायलीस?"

"मी फक्त या म्हणलं होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"अण्णा, माझ्या पायासाठी तुम्ही खोटं बोलायले. मला समजतं. पण मी काही लेकरू नाही. कँटीनात मी समोर बसत होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाटलीतून भुकटीच घेत होते तुम्ही."

खरं बोलायला आलो आणि ते खोटं ठरलं, यावर मी काही योजलं नव्हतं. खिशात गोळ्यांची पट्टी होती. घास ताटात ठेवून मी एक गोळी काढली. त्याच्याच चमच्यात ठेवली. त्याच्याच बाटलीतली भुकटी वरून घातली, बोटाने सारखी केली आणि चमचा त्याच्यापुढे धरला.

दत्ताने चमचा पाहिला. भुकटीच दिसत होती. त्याने करंगळीने ती बाजूला सारली, पांढरी गोळी दिसली. पुन्हा झाकली. पुन्हा सारली.

"रोज?"

"रोज."

"मी समोर बसलेलो असताना बी?"

"तुम्ही सगळे समोर होतात म्हणूनच."

"अन् मी सांगितलं होतं तुमाला. की मी सोडल्या. तवा?"

"तेव्हाही."

"बरं केलंस म्हणले होते तुम्ही."

"हो."

वहिनी उठल्या. माझा पहिला घासही झाला नव्हता, तोच त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं. जेवत्या माणसापुढचं ताट आमच्याकडे, त्यांच्याकडे, कुठेच कुणी उचलत नाही. त्यांनी ताट मोरीत ठेवलं, हात पुसले, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा. रिक्षा बोलवते."

मी म्हणालो, माझी गाडी आहे.

"तुमच्या गाडीवर नको," दत्ता म्हणाला.

ते दोघं रिक्षाने गेले. मी मागून गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात दत्ताचं एक बोट काढलं. शेजारच्याचं टोकही गेलं. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस असेच गेले असते तर नसता राहिला. मी मनात माझे तीन दिवस त्यात मांडून पाहिले. डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या सोमवारी कँटीनमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं. दोघांनी त्याच दिवशी तपासणी करून घेतली. एक जण म्हणाला, अण्णांना कंपनीने असं बोलायला लावलंय, औषधवाल्यांचं काहीतरी असणार. त्याला मी गोळी आणि चमचा दाखवला. तरी त्याचा माझ्यावर विश्वास नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

दत्ता आता घरी आहे. इन्सुलिनची सुई वहिनी देतात. गोळीचं मात्र त्याने अडवून धरलं. म्हणाला, "ह्या गोळ्या तरी खऱ्या कशावरून? अण्णा घेतेत का बघू. माझ्यासमोर घेऊ द्या, मग मी घेतो." डॉक्टरांनी समजावलं, वहिनी रडल्या, तो हटला नाही.

म्हणून रात्रीची माझी गोळी मी आता शिफ्ट सुटल्यावर त्याच्या खोलीवर घेतो. डॉक्टरांना विचारूनच वेळ अलीकडे घेतली आणि घरून पोळी-भाजीचा एक जादा डबा नेतो, कारण ती जेवणासोबतच घ्यायची असते. दारात बसून चार घास खातो. मग गोळी तळहातावर ठेवून त्याला दाखवतो, उलटी करून दाखवतो, तोंडात टाकतो.

"आ करा," दत्ता म्हणतो. "जीभ वर करा. डावीकडं. आता उजवीकडं."

मोबाइलचा टॉर्च लावून तो माझ्या गालांच्या आत पाहतो, मी पार्ट पाहतो तसा, घाई न करता. शंका आली तर परत आ करायला लावतो. खात्री पटली की टॉर्च बंद करतो आणि स्वतःची गोळी घेतो.

वहिनींनी माझ्यापुढे परत ताट वाढलेलं नाही. मी पोचलो की तांब्याभर पाणी तेवढं आणून ठेवतात, गोळीपुरतं.